वडा आमचा, पाव कोणाचा?

आमच्या बँकेत दुपारी दोन ते अडीच या वेळात देशाचे सगळे प्रश्न सुटतात. अडीचला काउंटर उघडला की ते पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात, तो भाग निराळा. पण त्या अर्ध्या तासात, डब्याची झाकणे उघडी असताना, काश्मीरपासून कांद्याच्या भावापर्यंत काहीही आमच्या तावडीतून सुटत नाही.

गेल्या महिन्यात कोणाच्या तरी बढतीप्रीत्यर्थ वडापाव आले. बढती मिळालेला माणूस पेढे आणतो, नाहीतर वडापाव. पेढे आणले तर बढती मोठी समजायची आणि वडापाव आणले तर बदली लांबची समजायची. ते असो. वर्तमानपत्राचा कागद उलगडला, लसणीच्या चटणीचा वास स्ट्राँगरूमपर्यंत गेला आणि आमच्या अंधेरीकरांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले.

"काही म्हणा, अस्सल मराठी पदार्थ! महाराजांच्या मावळ्यांच्या शिदोरीत दुसरं काय असणार?"

मी हसलो. तोंडात घास असताना हसू नये हे मला लहानपणापासून सांगितलेले आहे. चटणी नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आले, आणि त्या पाण्यातून माझ्या इतिहास-संशोधनाला सुरुवात झाली.

वास्तविक मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या लेखी इतिहास म्हणजे गेल्या वर्षाचा ताळेबंद, आणि तोही जुळला तर. पण बँकेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर नोंद दिसली की तो विचारतो, "व्हाउचर कुठे आहे?" तेव्हा मी वडापावाचा एकेक जिन्नस काढून त्याचे व्हाउचर शोधायचे ठरवले.

पहिली नोंद पावाची. पाव म्हणजे चौथा हिस्सा, असे घाटकोपरकरांचे मत पडले. घाटकोपरकर कॅश सांभाळतात, त्यांना सगळीकडे अपूर्णांक दिसतात. पाव पायांनी तुडवतात म्हणून तो 'पाव', असे मुलुंडकर बाईंनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकले होते. दोन्ही चूक. 'पांव' हा रोटीसाठीचा पोर्तुगीज शब्द आणि तो आपल्याकडे मालासकट आला.

आता इथे आपण उपनगरवाल्यांनी जरा छाती पुढे काढायला हरकत नाही. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. पुढे 1661 साली पोर्तुगीज राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले आणि मुंबई हुंड्यात गेली, हे आपण शाळेत घोकलेले असते. पण हुंड्यात गेली ती खालची मुंबई. साष्टी बेट पोर्तुगीजांनी आपल्याकडेच ठेवले. साष्टी म्हणजे कोण? तर आपण! वांद्रे, अंधेरी, बोरिवली, आणि तिकडे घाटकोपर, मुलुंड. ज्या 'टाउन'कडे आपण लोकलच्या दांड्याला लोंबकळत रोज तोंड करून जातो, ते इंग्रजांच्या घरी नांदत होते, आणि आपण अजून माहेरीच होतो. 1737 ते 1739 या काळात मराठ्यांनी साष्टी घेतली आणि चिमाजी अप्पांनी वसई सर केली, तेव्हा पोर्तुगीज इथून उठले. म्हणजे राहिले किती? दोनशे वर्षे!

दोनशे वर्षे राहिलेला भाडेकरू खोली सोडताना काहीतरी मागे ठेवून जातोच. आमच्या बोरिवलीत मंडपेश्वरची लेणी आहेत, तिथे जाऊन बघा. खाली शंकर, वर पोर्तुगीजांच्या इमारतीच्या पडक्या भिंती. आणि भिंती पडल्या तरी शब्द उभे राहिले. काजू, अननस, कोबी, साबण, बादली हे सगळे त्यांचे. बँकेतल्या माणसाच्या जन्माचे सार्थक करणारे दोन शब्द, चावी आणि पगार, हेही त्यांचेच. हे ऐकल्यावर घाटकोपरकरांनी कमरेच्या चावीला हात लावून पाहिला.

पोर्तुगीजांना भात मानवेना. त्यांना रोटी लागे आणि रोटी फुगायला खमीर लागे. ते इथे मिळेना, म्हणून गोव्यात माडीवर पीठ फुगवू लागले. पुढे गोव्याचे पाववाले मुंबईत आले आणि पाव घरोघर पोचला. घरोघर म्हणजे काही घरी. कारण आपल्याकडे वसईपासून गोव्यापर्यंत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव पाणी प्यायला आणि गावचे गाव बाटले. खरे-खोटे त्या विहिरीला ठाऊक. पण पावाच्या खात्यावर ही नोंद चढली ती फार वर्षे पुसली गेली नाही.

"पाव राहू द्या हो," अंधेरीकर म्हणाले. "वडा तरी आपला ना?"

मी वडा उघडला. आत बटाटा. बटाट्याचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वत. उत्तरेत त्याला आलू म्हणतात, आपण मात्र पोर्तुगीजांचा 'बटाटा' जसाच्या तसा ठेवला. गंमत म्हणजे 'बटाटा' हे तिकडच्या बेटांवर मुळात रताळ्याचे नाव. म्हणजे तो इथे आला तोही दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर. शेतोशेती तो पसरला इंग्रजांच्या अमलात. मिरची? तीही अमेरिकेची, मेक्सिकोकडची. त्याआधी आपण तिखटासाठी मिरी वापरत होतो आणि त्या मिरीवरूनच हिचे बारसे केले. ज्ञानेश्वरी 1290 साली सांगून झाली. माऊलींच्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजले असे परंपरा सांगते. पण त्या मांड्यांबरोबर ठेचा नव्हता, हे मी छातीठोक सांगतो.

राहता राहिले बेसन, हळद, आले आणि कढीपत्ता. यातला हरभराही मूळचा तुर्कस्तानाकडचा, पण तो इतक्या जुन्या काळी आला की त्याचे नाव आता रेशनकार्डावर चढलेले आहे. त्याला कोणी काही विचारत नाही.

"मग आपण काय केलं?" मुलुंडकर बाई जरा चिडूनच म्हणाल्या.

"आपण हे सगळं एकत्र केलं," मी म्हणालो. दादर स्टेशनाबाहेर 1966 साली अशोक वैद्य यांनी आपल्या गाडीवर वडा पावात घालून दिला, असे सांगतात. अँडीजचा बटाटा, मेक्सिकोची मिरची आणि लिस्बनचा पाव यांची गाठ पडायला दादर स्टेशन लागले. आणि ते बरोबरच आहे. पश्चिम आणि मध्य रेल्वेची गाठसुद्धा तिथेच पडते.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण इतिहास अंगात आला की उतरत नाही. मुलुंडकर बाईंच्या डब्यात त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती. एकादशी होती ना! त्यांनी आमच्या वडापावाकडे बघितलेही नव्हते. मी सहज म्हणालो, "बाई, आमचा वडा निदान अर्धा परदेशी. तुमची एकादशी तर अख्खी अमेरिकेला जाऊन आलेली आहे."

आणि मी यादी वाचली. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून करतात तो ब्राझीलकडचा. साबुदाण्याचे कारखाने सेलमला, आणि तेही 1940 च्या दशकात निघालेले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा सांगून झाला, मिरची सांगून झाली. रताळे तिकडचेच. राजगिरा! नावात राज आणि गिरा, पण तोही मेक्सिकोकडचा. जे धान्य आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी पाहिले नव्हते, ते 'धान्य' या व्याख्येत बसले नाही, म्हणून उपासाला चालले. घरची अशी वरी आणि शिंगाडा एवढीच. तेव्हा 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपले आहे, पण जे दुप्पट खायचे ते सगळे आयात!

बाईंनी डब्याचे झाकण लावले. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या फक्त "ही स्लिप तुमची का?" एवढेच.

मला वाईट वाटले. कारण हा पराक्रम मी पूर्वीही एकदा केला होता.

त्यासाठी जरा मागे जावे लागेल. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. डॉ. दत्ता सामंतांचा संप म्हणून तुम्ही तो वाचला असेल. तो संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. त्या हिशेबाने माझे वडील शेवटपर्यंत संपावरच होते. चाळीतली खोली गेली आणि आम्ही बोरिवलीला काजूपाड्यात आलो. म्हणजे पत्तासुद्धा पोर्तुगीज! आणि गिरण्यांतून बाहेर पडलेल्या कितीतरी माणसांनी जे केले तेच वडिलांनी केले. एक हातगाडी, एक रॉकेलचा स्टोव्ह, एक कढई.

आमच्या घरात भाजी करायची ती आई, वडे तळायचे ते वडील आणि बटाटे सोलायची ती आजी. आजी रत्नागिरीकडची, माळकरी. पंढरीची वारी तिने सात वेळा केली होती. सकाळी पाचला उकडलेल्या बटाट्यांचे टोपले पुढ्यात घेऊन ती बसे आणि हरिपाठ म्हणत सोलत जाई. हरिपाठ आणि बटाटे बरोबर एकाच वेळी संपत. एका टोपल्याला एक हरिपाठ, असा हिशेब होता. सणासुदीला गिऱ्हाईक जास्त असे तेव्हा आजीचे पुण्यही दुप्पट होई.

पण पाव? पाववाला सायकलवरून लाद्या आणी, त्या दाराबाहेर एका पाटावर उतरत. त्या पाटाकडे आजी पाठ करून बसे. तिने जन्मात पाव खाल्ला नव्हता. वडे तिला आवडत. पहिल्या घाण्यातला एक तिचा. तो मी घेऊन जाई, पावात घालून, कारण मुलाला तेवढी अक्कल कुठली. आजी चिमटीत वडा उचलून घेई आणि पाव मला देई. "वडा माझा, पाव तुझा." हा आमचा करार होता आणि दोन्ही पक्ष त्यावर खूश होते. माझे बालपण वड्याच्या तेलाचा डाग पडलेल्या, चटणी लागलेल्या रिकाम्या पावावर गेले. आजही मला वड्यापेक्षा तो पाव जास्त आवडतो, हे कारण मी कोणाला सांगत नाही.

मी सात-आठ वर्षांचा असताना एका पावसाळ्यात वडिलांना ताप भरला. आई एकटी गाडीवर. संध्याकाळी सहाची गर्दी, वर पाऊस, आणि स्टेशनातून लोंढा बाहेर पडतोय. आई तळणार की देणार? मी छत्री धरून उभा, तीही निम्मी माझ्याच डोक्यावर. एवढ्यात आजी आली. पदर खोचलेला, पाय चिखलाने भरलेले. तिने काही विचारले नाही. सुरी घेतली, लादी पुढ्यात ओढली आणि पाव कापू लागली. कापायची, चटणी लावायची, वडा घालायची, द्यायची. हरिपाठ चालूच. गिऱ्हाइकाला एका हाताने वडापाव देत होती आणि तोंडाने रामकृष्णहरी म्हणत होती. गिऱ्हाईकही "रामकृष्णहरी" म्हणून पैसे देत होते. त्या दिवशी माल लवकर संपला.

घरी आल्यावर आई घाबरत घाबरत म्हणाली, "आत्याबाई, आंघोळीला पाणी तापवू?"

"कशाला? सकाळी केली की. पोटासाठी हात लावला तर बाटत नाही गं."

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती पुन्हा पाटाकडे पाठ करून बसली. "वडा माझा, पाव तुझा" चालूच राहिले. हात लावणे निराळे, खाणे निराळे. तिची वही तिच्या पद्धतीने जुळत होती.

पुढे 1997 साली मी कॉलेजात गेलो. शिकत होतो कॉमर्स, पण लायब्ररीत पंखा इतिहासाच्या कपाटापाशी होता. तिथे बटाट्याची हकीकत वाचायला मिळाली आणि मी तडक घरी आलो. आषाढी एकादशी. आजीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा, म्हणजे मला सगळे कळत होते.

"आजी, पाव फिरंग्यांचा म्हणून तू खात नाहीस ना? हा बटाटासुद्धा त्यांचाच. आणि साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, हा लाडूसुद्धा! तुझ्या ताटात आपलं असं काही नाही."

घर एकदम गप्प झाले. वडिलांनी माझ्याकडे असे बघितले की मला कळले, आपण काहीतरी फोडले. पंधरा वर्षे ज्या बटाट्याला साक्ष ठेवून तिने हरिपाठ म्हटला, त्याच बटाट्याला मी आज परका ठरवत होतो. आजीचा हात ताटावरच थांबला. ती आता ताट सारणार, असे मला वाटले. उपाशी राहिली तर वडील मला जेवू देणार नाहीत, असेही वाटले.

आजीने लाडूचा तुकडा मोडला. "किती वर्षं झाली म्हणतोस त्याला येऊन?"

"तीन-चारशे."

"मग? आला, राबला, घरचा झाला. आपण तरी बोरिवलीचे कुठले?" आणि तिने घास घेतला.

मी हार मानणारा नव्हतो. "मग पावानं काय घोडं मारलंय? तोही तेव्हाचाच!"

आजीने जरा विचार केला. "पावाला अजून थोडी वर्षं जाऊ देत," ती म्हणाली.

1999 च्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. दात नव्हते. भाकरी जाईना, चपाती जाईना. आई चहात चपाती कुस्करून भरवी, तीही घशात अडके. एक दिवस सकाळी मी शेजारी बसलो होतो. आईने वाटीतून चमच्याने भरवले, आजीने मुकाट्याने सगळे खाल्ले. कितीतरी दिवसांनी वाटी रिकामी झाली. मग ती आईला म्हणाली, "आज चपाती मऊ झालीय हो सूनबाई."

आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत माणसाला थोडे कळू लागते. मग ती मऊ चपाती रोज सकाळी होऊ लागली, शेवटपर्यंत.

वडिलांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. माझ्यातला कारकून तिथूनच आला असावा. रोजचे तेल, बेसन, बटाटे, लाद्या, सगळे पैशापैशाने लिहिलेले. गाडीवरचा माल घरात वापरला तर तोही खर्ची टाकायचा, असा त्यांचा नियम. त्या थंडीतल्या पानांवर रोज एक ओळ आहे. 'पाव नग 1, आईसाठी.' म्हणजे व्हाउचर आहे. पण काही नोंदी दाखवायच्या नसतात. मी आज दाखवली ती मुलुंडकर बाईंमुळे.

चौथ्या दिवशी मी राजगिऱ्याचे लाडू घेऊन बँकेत गेलो आणि दोन वाजता पुडा बाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी पुड्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले. जीभ जरा धारेवर धरूनच विचारले, "हा कुठला म्हणायचा आता?"

"बोरिवलीचा," मी म्हणालो.